ऑफेन्सिव्ह लाइनला गुण कसे द्यायचे : एनएफएल नव्याने बघणाऱ्यांसाठी

अमेरिकन फुटबॉल बघायला लागून एखादा हंगाम झाला की टचडाउन, फील्ड गोल, फोर्थ डाउन हे सगळं अंगवळणी पडतं. क्वार्टरबॅकची नावं तोंडपाठ होतात. मग एखाद्या सामन्यानंतर समालोचक म्हणतो, "आज लाइनने सामना जिंकून दिला," आणि आपण स्कोअरकार्ड उघडतो तर क्वार्टरबॅकसमोर उभं राहून बचावपटूंना अडवणाऱ्या त्या पाच धिप्पाड माणसांच्या, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या, नावापुढे काहीच नसतं. फेकणाऱ्याचे यार्ड, झेलणाऱ्याचे यार्ड, पळणाऱ्याचे यार्ड, सगळ्यांचा हिशोब आहे. लाइनमनच्या खात्यात मात्र किती सामने खेळला, किती स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देऊन सुरू केलेले प्ले) मैदानावर होता आणि किती पेनल्टी घेतल्या, एवढंच. सॅकचा, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचा, आकडा लीग १९८२ पासून खेळाडूच्या नावावर अधिकृतपणे मोजते, पण तोही ज्याने क्वार्टरबॅकला पाडला त्याच्या नावावर. कोणी पाडू दिला, हे त्या कागदावर येत नाही.

त्यामुळे लाइनमन चांगला की सुमार हे ठरवायचं तर फिल्म लावायची आणि स्नॅपगणिक गुण मांडायचे, दुसरा उपाय नाही. संघांचे कोच हेच करतात, प्रो फुटबॉल फोकससारख्या कंपन्या हेच करतात, आणि घरी लॅपटॉपवर आपल्यालाही जमतं. मी काही हंगाम हे करतो आहे. नवा माणूस नेमका कुठे अडखळतो ते आता माहीत झालंय, म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: आपण प्लेच्या निकालाला गुण देत नाही, त्या माणसाला नेमून दिलेल्या कामाला देतो. ते काम काय होतं हे आपल्याला कोणी सांगत नाही, ते फिल्मवरून ओळखायचं असतं. खरी मेहनत तिथेच आहे.

काय काय लागेल

- ऑल-२२ फिल्म, म्हणजे मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात ते चित्रण. कोचेस फिल्म असंही म्हणतात. टीव्हीवरचं प्रक्षेपण चालणार नाही. तिथला कॅमेरा चेंडूमागे जातो आणि लाइन स्नॅपनंतर दोन सेकंदांत चौकटीबाहेर. ही फिल्म २०१२ पासून सामान्य प्रेक्षकांना पैसे भरून बघता येते. भारतात एनएफएलचा गेम पास डॅझोनवर आहे. कोणत्या पॅकेजमध्ये कोचेस फिल्म येते ते पैसे भरण्याआधी बघून घ्या. सामना संपल्या संपल्या ती मिळत नाही, थोडा धीर धरावा लागतो.
- सामन्याचा अधिकृत प्ले-बाय-प्ले. डाउन, अंतर, पेनल्टी आणि कोण बदली आला हे त्यात असतं. लीगच्या आणि संघांच्या साइटवर फुकट मिळतो.
- दोन्ही संघांची यादी, जर्सी क्रमांकांसह. लाइनमनचे क्रमांक ५० ते ७९ मध्ये असतात.
- एक स्प्रेडशीट. वही चालेल, पण बेरजा करताना वैताग येईल.
- एक सामना म्हणजे एका संघाचे साधारण ६० ते ७० स्नॅप. पाचही जणांना नीट गुण द्यायचे तर रविवारची अख्खी दुपार द्यावी लागते. थेट सामना बघताना गुण देण्याच्या फंदात पडू नका. आपल्याकडे पहिले सामने रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. त्या वेळी मजा म्हणून बघा आणि झोपा.

पायरी १ : आधी एकच माणूस निवडा

लाइनच्या मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडांना टॅकल. पाचही जणांवर एकदम नजर ठेवता येत नाही. पहिल्या सामन्यात फक्त एका टॅकलचं बघा. टॅकल कडेला असतो, बहुतेक वेळा त्याच्यासमोर एकच रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) असतो आणि झटापट मोकळ्यावर होते, त्यामुळे काय घडलं ते दिसतं. गार्ड आणि सेंटर गर्दीत असतात. माझ्या मते गुण द्यायला सगळ्यांत अवघड सेंटर. त्याचं निम्मं काम स्नॅपच्या आधी, समोरची मांडणी ओळखून बाकीच्यांना ओरडून सांगण्यात होतं, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही.

डावा टॅकल महत्त्वाचा, कारण उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते, हे तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे, पण त्यावरून उजव्या टॅकलला दुय्यम धरू नका. बचावफळ्या आपला सर्वोत्तम रशर हवा त्या बाजूला उभा करतात. फेब्रुवारी २०१६ मधल्या पन्नासाव्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने कॅरोलिनाच्या उजव्या टॅकलला, माइक रेमर्सला, बाहेरून वळसा घालून कॅम न्यूटनच्या हातातला चेंडू उडवला, तो एंड झोनमध्ये मलिक जॅक्सनने ताब्यात घेतला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये १०-० झालं. डेट्रॉइटने २०२१ मध्ये घेतलेला पनेई सूएल आणि फिलाडेल्फियाचा लेन जॉन्सन यांनी उजव्या बाजूला खेळूनच नाव कमावलं. सरावाला या दोघांपैकी कोणीही चालेल.

पायरी २ : स्नॅपच्या आधी चित्र थांबवा

एंड झोनच्या मागून घेतलेला कोन लावा. बाजूच्या कोनातून लाइन म्हणजे नुसती माणसांची रांग दिसते, कोण कोणाच्या कोणत्या खांद्यावर आहे ते कळत नाही. चित्र थांबवून एवढं टिपा: डाउन आणि अंतर, क्वार्टरबॅक सेंटरला खेटून उभा आहे की मागे शॉटगनमध्ये, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) कोणत्या बाजूला, टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) कोणत्या बाजूला, आणि समोर लाइनवर किती जण.

समोरच्यांची जागा लिहायला कोचमंडळींचे आकडे वापरा, फार सोयीचे आहेत. सेंटरच्या नाकासमोर उभा असेल तर शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर असेल तर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच, आणि टाइट एंडच्याही बाहेर लांब उभा असेल तर नऊ. फटींना अक्षरं आहेत: सेंटर आणि गार्डमधली ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. नऊच्या जागेवरून धावत येणाऱ्याला अडवणं आणि पाचच्या जागेवरच्याला अडवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. म्हणून ही नोंद लागते.

पायरी ३ : काम काय होतं ते ओळखा

ही पायरी घाईने उरकली तर पुढचे गुण फुकट. स्नॅपनंतरचं पहिलं पाऊल संथ गतीने बघा, पाचही जणांचं. त्या एका पावलात बहुतेक उत्तर असतं.

रन असेल तर: पाचही जणांनी एकाच दिशेला तिरकं पाऊल टाकलं तर ते झोन ब्लॉकिंग. इथे प्रत्येकाकडे माणूस नसतो, वाटेत येणारी जागा असते. डेन्व्हरने १९९० च्या दशकात अ‍ॅलेक्स गिब्ज यांच्या हाताखाली याच पद्धतीवर राज्य केलं. टेरेल डेव्हिसचे १९९८ च्या हंगामातले २,००८ यार्ड त्यातलेच. याउलट एखादा गार्ड किंवा टॅकल लाइन सोडून मागून दुसऱ्या बाजूला धावला आणि त्या बाजूचे लोक आतल्या दिशेने ढकलायला लागले, तर ते गॅप ब्लॉकिंग. धावत गेलेला तो पुलर. त्याचं काम भोकातून घुसून पहिला समोर येईल त्याला उडवणं.

पास असेल तर सेंटर कुठे वळतो ते बघा. पाचही जण एका बाजूला सरकले तर प्रत्येकाकडे आपल्या त्या बाजूची फट. बरेचदा अर्धी लाइन सरकते आणि उरलेल्या बाजूचे दोघे समोरचा माणूस पकडतात. सेंटर डावीकडे वळला असेल तर उजवा गार्ड आणि उजवा टॅकल एकेकटे झुंजत आहेत, त्यांना आतून मदत नाही, असं समजा. एकेकट्याने खाल्लेली हार आणि मदत असताना खाल्लेली हार यांना मी सारखे गुण देत नाही.

इथे हमखास फसायच्या जागा:

- स्क्रीन पास. लाइनमन रशरला जाणूनबुजून सोडून देतात आणि कडेला धावतात. नव्या माणसाला वाटतं चौघे एकदम हरले. स्क्रीनवर पास ब्लॉकिंगचे गुण देऊच नका.
- रीड ऑप्शन. कडेचा एक बचावपटू मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो, क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघून चेंडू द्यायचा की ठेवायचा ठरवतो. टॅकल त्याच्या शेजारून निघून गेला तर ती चूक नव्हे.
- आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन. क्वार्टरबॅक पास फेकतो, पण लाइन रनचं ब्लॉकिंग करत असते. म्हणून लाइनमन पुढे गेलेला दिसतो. एनएफएलमध्ये पास सुटेपर्यंत तो एका यार्डापेक्षा जास्त पुढे गेला तर पाच यार्डांची पेनल्टी. गुण रनचेच द्यायचे.
- जास्तीचा रशर. पाच जण अडवायला आणि सहा जण यायला, तर एक मोकळा सुटणारच. नियम असा की लाइनने आतून बाहेर मोजत जायचं. सगळ्यांत बाहेरचा उरतो तो क्वार्टरबॅकचा. चेंडू त्याने झटकन सोडायचा. मोकळा माणूस बाहेरून आला तर लाइनला दोष देण्याआधी मोजणी करा. ए गॅपमधून आला तर मात्र लाइनमध्ये किंवा रनिंग बॅककडे कोणाचं तरी चुकलंय.

एवढं करूनही कामाचा अंदाज लागला नाही तर त्या चौकटीत प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. प्रश्नचिन्हांची लाज वाटू देऊ नका. संघाच्या कोचला काम काय दिलं होतं ते माहीत असतं, आपल्याला नसतं. ठोकून दिलेल्या गुणापेक्षा मोकळी चौकट परवडली.

पायरी ४ : हात, कंबर, पाय, या क्रमाने बघा

आता त्या एका माणसाला तीनदा बघा. पहिल्यांदा हात. चांगला लाइनमन पंजे रशरच्या छातीवर आतल्या बाजूला टेकवतो, अंगठे वर. हात बाहेर, खांद्यांवर गेले की रशर आत घुसतो आणि मग कपडे ओढायची वेळ येते. जुने सामने बघत असाल तर लक्षात ठेवा, पास ब्लॉक करताना हात लांब करून उघड्या पंजांनी ढकलायची मुभा १९७८ च्या नियमबदलाने मिळाली. त्याआधीच्या लाइनमनला आजच्या मापाने मोजू नका.

दुसऱ्यांदा कंबर. टॅकल मागे सरकत असताना त्याची कंबर क्वार्टरबॅककडे पाठ ठेवून सरळ राहिली पाहिजे. बाहेरच्या रशरला घाबरून तो लवकर बाजूला वळला की आतली वाट उघडी पडते, आणि अनुभवी रशर नेमकी त्याचीच वाट बघत असतो.

तिसऱ्यांदा पाय. दोन्ही पाय जवळ आले किंवा टाचा एकमेकींना लागल्या की तोल गेला. रशरने सरळ छातीवर घेऊन मागे रेटलं तर दोन-तीन पावलं मागे जाणं ठीक. त्यानंतर तो बूड खाली घेऊन, पाय रोवून थांबतो का, एवढंच बघायचं. थांबला तर काम झालं. न थांबता क्वार्टरबॅकच्या मांडीत जाऊन बसला तर नाही झालं, मग सॅक होवो न होवो.

वेळेचं भान ठेवायला स्टॉपवॉच लावा. ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट अडीच सेकंदांची रेघ आखतो: तेवढा वेळ ब्लॉक टिकला तर लाइनमन जिंकला. नवख्यासाठी ही रेघ चांगली आहे. क्वार्टरबॅक पाच सेकंद चेंडू धरून भटकत राहिला आणि मग टॅकलचा माणूस सुटला, तर त्याचं खापर टॅकलवर फोडता येणार नाही.

पायरी ५ : गुण मांडा

प्रो फुटबॉल फोकस प्रत्येक स्नॅपला −२ ते +२ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यांनी गुण देतं आणि मग त्याचं ० ते १०० मध्ये रूपांतर करतं. अनेक कोच नुसतं अधिक-उणे करतात आणि टक्केवारी काढतात. आपण मधला मार्ग घेऊ. चारच गुण:

- ० : अपेक्षित काम झालं. फार चमकदार नाही, बिघाडही नाही.
- +१ : अपेक्षेपेक्षा जास्त. एकट्याने माणूस जमिनीवर घातला, एक ब्लॉक संपवून दुसऱ्याला गाठलं, ज्या कोनातून ब्लॉक व्हायला नको होता तिथून केला.
- −१ : हरला, आणि त्याचा प्लेवर परिणाम होऊ शकत होता.
- −२ : हरला तोही झटक्यात, आणि क्वार्टरबॅक किंवा चेंडू थेट धोक्यात आला. सुपर बोलमधला मिलरचा तो प्ले हा यातला नमुना.

सर्वांत जास्त शून्य यायला हवेत. तुमच्या कागदावर +१ आणि −१ ची गर्दी झाली असेल तर तुम्ही हाताने सढळ आहात किंवा चिडलेले आहात. एनएफएलमध्ये पोचलेला माणूस बहुतेक वेळा आपलं काम करतो. त्यालाच शून्य म्हणायचं.

गुणाशेजारी शेरा लिहाच, चार शब्दांत का होईना. "आतून हरला", "हात बाहेर", "ट्विस्ट उशिरा ओळखला". आठवड्यांनंतर नुसता −१ बघून काहीही आठवत नाही.

पायरी ६ : सॅक कोणाच्या नावावर घालायचा

सगळे वाद इथे होतात, म्हणून एक प्ले पूर्ण उलगडून दाखवतो. समजा थर्ड अँड ८, शॉटगन, चार रशर. सेंटर डावीकडे वळतो, म्हणजे उजवा गार्ड आणि उजवा टॅकल एकेकटे. गार्डसमोर तीनच्या जागेवर डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या लाइनमधला आतला माणूस), आपल्या टॅकलच्या बाहेर डिफेन्सिव्ह एंड (त्याच लाइनमधला कडेचा माणूस). स्नॅप होताच डिफेन्सिव्ह टॅकल बाहेरच्या दिशेने, आपल्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर धडकतो. एंड दोन पावलं पुढे येतो आणि त्याच्या मागून वळसा घेऊन आत शिरतो. याला ट्विस्ट किंवा स्टंट म्हणतात. बरोबर उत्तर असं की गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करायचा, स्वतः तिथेच थांबायचं आणि वळसा घालून येणाऱ्या एंडला घ्यायचं. आपला गार्ड मात्र आपल्या माणसाच्या मागे बाहेर ओढला जातो. टॅकल वेळेवर आत सरकलाय, त्याने माणूस घेतलाय, म्हणजे एका रशरवर दोघे आणि दुसऱ्यावर कोणीच नाही. एंड बी गॅपमधून मोकळा येतो. क्वार्टरबॅक त्याला बघून डावीकडे पळतो. तिकडे डाव्या टॅकलने आपल्या रशरला पॉकेटच्या (क्वार्टरबॅकभोवती लाइनने राखलेल्या जागेच्या) मागे, बाहेरून लांब नेऊन सोडलेलं असतं, अगदी व्यवस्थित. तो रशर मागे वळतो आणि आयता समोर आलेल्या क्वार्टरबॅकला पाडतो.

अधिकृत कागदावर सॅक त्या रशरच्या नावे. टीव्हीवर रिप्लेमध्ये डाव्या टॅकलचा क्रमांक दिसतो आणि सगळे त्याला शिव्या देतात. क्रिकेटमध्ये एका बाजूने बुमराहने गळा आवळावा आणि विकेट दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळावी, तसं हे. आपल्या कागदावर उजवा गार्ड −१, शेरा "ट्विस्टमध्ये माणूस सोडला नाही"; उजवा टॅकल ०; डावा टॅकल ०. सेंटर डावीकडे मोकळाच राहिला आणि मागे वळून मदतीला गेला नाही, तर त्यालाही शेरा द्या, पण गुण शून्यच.

म्हणून प्रत्येक सॅकला आणि प्रत्येक प्रेशरला (सॅक न होता क्वार्टरबॅकवर आलेल्या दडपणाला) कारणाचा वेगळा रकाना ठेवा: लाइनमन, रनिंग बॅक किंवा टाइट एंड, क्वार्टरबॅकने चेंडू धरून ठेवला, मोकळा रिसीव्हरच नव्हता, किंवा माणसं मोजणीतच कमी पडली. सॅकची नुसती संख्या कशी चकवते याची दोन उदाहरणं डोळ्यासमोर ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीविरुद्ध जो बरो नऊ वेळा सॅक झाला, तरी सिनसिनाटी १९-१६ ने जिंकलं. आणि फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जायबंदी होऊन बाहेर होते. पॅट्रिक माहोम्स तीनदाच सॅक झाला, पण संध्याकाळभर जीव मुठीत धरून पळत होता, आणि टँपा बे ३१-९ ने जिंकलं. सॅक मोजले तर बरोची रात्र भयंकर आणि माहोम्सची बरी. फिल्म बघितली की माहोम्सची रात्र बरी म्हणवत नाही.

पायरी ७ : रनवर जोडीने बघा

रन ब्लॉकिंगमध्ये एकेकट्याला बघून भागत नाही. गार्ड आणि टॅकल मिळून एका डिफेन्सिव्ह टॅकलला रेटतात, दोघांची नजर मागच्या लाइनबॅकरवर असते, आणि योग्य क्षणी एक जण सुटून त्याला गाठतो. लवकर सुटला तर डिफेन्सिव्ह टॅकल निसटतो, उशिरा सुटला तर लाइनबॅकर फट भरून टाकतो. अशा प्लेला दोघांना वेगवेगळे गुण, पण शेरा दोघांच्या चौकटीत सारखा.

यार्ड बघून गुण देऊ नका. रनिंग बॅकने चुकीची फट निवडली म्हणून दोन यार्ड मिळाले असतील तर लाइनचा दोष नाही. आणि तीन जण हरलेले असताना त्याने दोघांना चुकवून ४० यार्ड मारले, तर लाइनला बक्षीस नाही. मी यासाठी सोपी पद्धत वापरतो: रनिंग बॅकच्या हातात चेंडू पडला की चित्र थांबवायचं आणि गुण तिथपर्यंतच्या कामाला द्यायचे. टिकाव धरणं महत्त्वाचं असतं म्हणून मग एकदा पुढे बघायचं, पण गुण बदलायला ठोस कारण हवं.

पायरी ८ : पेनल्टी

फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड: −१, चर्चा नको. होल्डिंग, दहा यार्ड: आधी ब्लॉक कसा होता ते बघा. बहुतेक वेळा हरलेला माणूसच पकडतो, तेव्हा हरल्याचा −१ आणि पकडल्याचा आणखी −१ असं दोनदा दंडू नका. पंचांनी न बघितलेलं होल्डिंग दिसलं तर शेऱ्यात लिहा. त्यावर स्वतः पेनल्टी लावायचा मोह होतो, आवडत्या संघाच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत तर फारच. आवरा.

पायरी ९ : बेरीज आणि ताळा

पास आणि रनच्या बेरजा वेगळ्या ठेवा. काही जण एकात वाघ आणि दुसऱ्यात सामान्य असतात, एकत्र केलं की दोन्ही गोष्टी पुसल्या जातात. एकूण गुणांना स्नॅपच्या संख्येने भागा, नाहीतर ७० स्नॅप खेळलेला आणि ४५ खेळलेला यांची तुलना होणार नाही. प्रश्नचिन्हं भागाकारातून वगळा, पण किती होती ते शेजारी लिहा.

परिस्थितीचा एक रकाना जोडा: समोर कोण होता, टाइट एंडची मदत किती वेळा मिळाली, मैदान कसं होतं. फिलाडेल्फियाच्या बचावाने २०२२ च्या हंगामात ७० सॅक केले होते. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध त्यांना एकही मिळाला नाही. लाइन उत्तम खेळली, यात शंका नाही. पण ग्लेनडेलच्या त्या निसरड्या हिरवळीवर रशरचे पाय घसरत होते, हेही कागदावर यायला हवं.

संघाच्या निकालावरून लाइनमनची किंमत ठरवू नका. क्लीव्हलँडच्या जो थॉमसने सलग १०,३६३ स्नॅप डाव्या टॅकलच्या जागेवर एकही न चुकवता खेळले आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या काळातलं क्लीव्हलँड बहुतेक हरतच होतं, २०१६ मध्ये तर १६ पैकी एकच सामना जिंकलं.

मग तुमचे गुण जाहीर आकड्यांशी ताडून बघा. प्रो फुटबॉल फोकसचे गुण माणसं फिल्म बघून देतात. ईएसपीएनचा विन रेट खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून मिळणाऱ्या हालचालींच्या नोंदींवर निघतो, त्याला हात आत होते की बाहेर हे कळत नाही. दोघांचे क्रमही एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. तुमचा आकडा वेगळा आला तर तो बदलू नका. ज्या पाच-सहा स्नॅपना तुम्ही टोकाचे गुण दिलेत ते परत लावा, आणि पायरी ३ मध्ये ओळखलेलं काम बरोबर होतं का, तेवढंच तपासा. फरक बहुतेक तिथेच सापडतो. एका सामन्यावरून कोणाबद्दल मत ठोकू नका; चार-पाच सामने, वेगवेगळ्या रशरसमोर, एवढं तरी हवं.

सराव कुठे करायचा? ऑगस्टमधल्या प्रीसीझन (हंगामापूर्वीच्या सराव) सामन्यांची फिल्म मिळाली तर ती घ्या. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे लाइनमन खेळतात, डावपेच साधे असतात, कोणाचं काम काय होतं ते लगेच कळतं आणि चुका मुबलक. जॉर्डन मायलाटाला फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळून आलेला होता, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. त्याचे तेव्हाचे प्रीसीझन स्नॅप आणि काही वर्षांनंतरचे डाव्या टॅकलच्या जागेवरचे स्नॅप शेजारी शेजारी लावा, आणि पायरी ४ मधले हात, कंबर, पाय त्याच क्रमाने बघा.